काचेत वाचवा, चिकटवण्यात नको

पत्र: महिन्याभरापूर्वी मालट्रकच्या मागून जाताना एक खडा उडाला आणि पुढच्या काचेवर, माझ्या शेजारच्या सीटसमोर, टिकलीएवढा टवका निघाला. ‘बघू पुढे’ म्हणून सोडून दिलं. गेल्या आठवड्यात उन्हात तापलेल्या गाडीत एसी लावला आणि डोळ्यांदेखत त्या टवक्यातून तडा निघाला. तो आता हातभर लांब होऊन कडेपर्यंत पोचला आहे. गाडी नऊ वर्षांची. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरनं जो आकडा सांगितला तो ऐकून मी खालीच बसलो. काचेच्या एका दुकानात त्याच्या साधारण निम्मा सांगितला. तिसरा एक जण म्हणतो, भंगारातल्या गाडीची काच पाव किमतीत बसवून देतो, तासाभरात गाडी घेऊन जा. मेहुणा म्हणतो, काच ती काच, उगाच पैसे कशाला घालवतोस. आरशामागे काचेला चिकटलेली एक काळी डबी आहे, ती कसली ते मला ठाऊक नाही. तीन आठवड्यांनी वडिलांना घेऊन लांबच्या प्रवासाला जायचं आहे. स्वस्तात भागेल असं काही सांगा. – एक वाचक

उत्तर:

वाईट बातमी आधी सांगून टाकतो. तुमची काच आता दुरुस्त होण्यातली राहिली नाही, ती बदलावीच लागेल. टवका टिकलीएवढा होता तेव्हाच कुणाला दाखवला असता तर अर्ध्या-पाऊण तासाचं काम होतं, आणि खर्च नव्या काचेच्या मानानं अगदी किरकोळ. टवक्यातली हवा ओढून घेतात, त्यात पातळ रेझिन भरतात आणि अतिनील दिव्याखाली ते घट्ट करतात. डाग थोडासा दिसत राहतो, पण तडा पुढे सरकायचा थांबतो. साधारण २५ मिलिमीटरपर्यंतचा टवका असा भरता येतो. काही कारागीर १५ सेंटिमीटरपर्यंतचा तडाही भरतात, फक्त तो चालवणाऱ्याच्या नजरेसमोर नसावा, कडेला पोचलेला नसावा आणि काचेच्या बाहेरच्याच थरात असावा. तुमचा तडा कडेला पोचला, तिथेच तो रस्ता बंद झाला. तुम्हाला खजील करायला हे सांगत नाही. हे वाचणाऱ्या दहा जणांपैकी एकाच्या काचेवर आत्ता, या घटकेला, असाच एक टवका असणार. त्यानं निदान आज त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावावी, म्हणजे पाणी आणि धूळ आत जाणार नाही, आणि या आठवड्यात कारागीर गाठावा. टवक्यात एकदा माती बसली की रेझिन नीट धरत नाही.

तडा एसी लावल्यावरच का पळाला, तर काच बाहेरून तापलेली होती आणि आतून एकदम गार हवा बसली. दोन्ही बाजूंना ओढ वेगवेगळी, आणि ती ओढ जिथे काच आधीच दुबळी झालेली तिथून वाट काढते. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतलं, खड्ड्यात गाडी आदळली, काचा पूर्ण वर असताना दार धाडकन लावलं, तरी हेच होतं. तेव्हा नवी काच बसेपर्यंत गाडी सावलीत लावा, एसी हळूहळू वाढवा आणि दारं सावकाश लावा.

आता मेहुण्यांकडे वळतो. त्यांच्याशी माझं भांडण नाही, काचेच्या बाबतीत ते अर्धे बरोबरच आहेत. पण ‘काच ती काच’ हे बाजूच्या खिडक्यांना लागू पडतं, पुढच्या काचेला नाही. बहुतेक गाड्यांत बाजूच्या खिडक्यांची काच कडक केलेली असते, फुटली की तिचे खड्यांसारखे बोथट तुकडे होतात. पुढची काच दोन काचांची असते. प्रत्येक थर साधारण दोन मिलिमीटरचा, आणि मध्ये पॉलिव्हिनाइल ब्युटिरल नावाच्या प्लास्टिकचा पातळ पडदा, बहुधा ०.७६ मिलिमीटरचा. म्हणून ती तडकते, पण ढासळत नाही. ही कल्पना एदुआर बेनेडिक्टस या फ्रेंच रसायनज्ञाची. १९०३ साली त्याच्या प्रयोगशाळेत काचेचं एक भांडं खाली पडलं आणि तडकूनही त्याचे तुकडे विखुरले नाहीत, कारण आत सुकलेल्या सेल्युलोज नायट्रेटचा पापुद्रा बसला होता, अशी गोष्ट सांगतात. १९०९ साली त्यानं पेटंट घेतलं. पुढे पडद्याचं रसायन बदललं, युक्ती तीच राहिली.

या काचेकडून गाडी तीन कामं घेते. समोरून येणारं वारा-पाणी-दगड अडवणं हे सगळ्यांना दिसणारं काम. दुसरं काम छताला आधार देण्याचं. आजच्या गाड्यांत काच चौकटीला चिकटवलेली असते, म्हणजे ती सांगाड्याचाच भाग असते, आणि गाडी उलटली तर छत दबू न देण्यात तिचा वाटा असतो. तिसरं काम फार कमी लोकांना ठाऊक असतं. शेजारच्या सीटसमोरची एअरबॅग बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्डमधून आधी वर उसळते, काचेवर आपटते आणि तिथून माणसाकडे वळते. एअरबॅग काचेला टेकू म्हणून वापरते. काच नीट चिकटलेली नसेल तर त्या धक्क्यानं काचच बाहेर जाईल, आणि टेकू गेलेली एअरबॅग माणसाला सावरणार नाही.

म्हणून माझं सांगणं एवढंच: पैसे काचेत वाचवा, ती चिकटवण्यात वाचवू नका. तुमच्यासमोरचे तिन्ही आकडे आपण याच चाळणीतून घालू.

सर्व्हिस सेंटरच्या आकड्यात चार गोष्टी एकत्र असतात: काच, किरकोळ सामान, मजुरी आणि सीलंट (काच चौकटीला चिकटवणारा पदार्थ), आणि गाडीला कॅमेरा असेल तर तो जुळवून घेण्याचं काम. यातली काच बहुधा सगळ्यात महाग, आणि तिच्या महागाईचा एक भाग कोपऱ्यातल्या त्या गाडीकंपनीच्या चिन्हाचा असतो. गाडीकंपन्या काच स्वतः बनवत नाहीत. फ्रान्सची सेंट-गोबेन, जपानची एजीसी, त्याच देशातल्या एनएसजी समूहाची पिल्किंग्टन, चीनची फुयाओ अशा मोजक्या कारखानदारांकडून घेतात. हेच कारखाने आपल्या स्वतःच्या नावानं खुल्या बाजारातही काचा विकतात. तेव्हा दुकानात निम्म्यात मिळणारी काच कमअस्सलच असणार असं मुळीच नाही. बरेचदा फरक चिन्हाचा आणि मधल्या हातांचा असतो. माझ्या ओळखीतले जुने फिटर तर स्वतःच्या गाडीला चिन्हाची काच घेतच नाहीत.

पण खुल्या बाजारात सगळंच सारखं असतं असंही नाही. काही काचांची गोलाई थोडी चुकलेली असते, मग फिटर ती दाबून बसवतो. पुढे वाऱ्याची शिटी वाजते किंवा कोपऱ्यातून आपोआप तडा निघतो. काहींच्या कडेला नजर वळवली की विजेचा खांब लाटेसारखा हलतो. यावर उपाय सोपा आहे. काच बसवण्याआधी, ती दुकानात उभी असतानाच, तिच्यातून एखाद्या सरळ रेषेकडे बघा, दाराची चौकट, खांब, काहीही चालेल, आणि डोकं हळूहळू डावीकडून उजवीकडे न्या. अगदी कडेला थोडं वाकडं दिसलं तर चालेल. चालवणाऱ्याच्या समोर वाकडं दिसलं तर ती काच नको म्हणा. रात्री समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे दोन-दोन दिसणारी काच डोकेदुखी ठरते, अगदी शब्दशः.

तिथेच कोपऱ्यातला ठसाही वाचून घ्या. त्यात कारखानदाराचं नाव असतं. अनेक देशांत गोलात इंग्रजी ‘ई’ आणि पुढे आकडा असतो, त्याच्याजवळ ४३ हा आकडा दिसतो, कारण संयुक्त राष्ट्रांच्या वाहन-नियमावलीत सुरक्षा काचेचा नियम ४३ व्या क्रमांकाचा आहे. ‘ई’पुढचा आकडा मंजुरी कुठल्या देशानं दिली ते सांगतो, काच कुठे बनली ते नव्हे. या बाबतीत दुकानदारही गोंधळतात. अमेरिकी पद्धतीच्या ठशात पुढच्या काचेवर ‘ए-एस-१’ असं लिहिलेलं असतं. तुमच्याकडे जे मानक चालतं त्याचा ठसा हवा, एवढं पुरे. ठसाच नसलेली, किंवा स्टिकर लावून ठसा झाकलेली काच फुकट मिळाली तरी घेऊ नका.

आता ती काळी डबी. इथेच लोकांचे सगळ्यात जास्त पैसे जातात, म्हणून जरा सावकाश वाचा. एकाच गाडीच्या एकाच मॉडेलला चार-पाच प्रकारच्या पुढच्या काचा असू शकतात. एकीत पावसाच्या सेन्सरची जागा असते, एकीत कॅमेऱ्याची बैठक, एकीत वायपर जिथे थांबतात तिथे बारीक तापणाऱ्या तारा, एकीत रेडिओचा अँटेना, एकीत आवाज अडवणारा वेगळा पडदा. काचेवर वेगाचा आकडा दाखवणाऱ्या गाड्यांत तर मधला पडदा पाचरीसारखा असतो, वर जाड आणि खाली पातळ, नाहीतर आकडे दोन दिसतात. तेव्हा ‘अमुक गाडीची काच द्या’ असं म्हणून मिळालेला आकडा कशाचा आहे ते सांगता येत नाही. कदाचित तुमच्या दोन आकड्यांतला फरक काचेच्या प्रकारातलाच असेल!

बाहेरून काचेसमोर उभे राहून त्या डबीकडे बघा. काळ्या रंगाच्या पट्ट्यात स्वच्छ खिडकीसारखी जागा आणि तिच्यात भिंगाचा गोल डोळा दिसला तर तो कॅमेरा. आपोआप ब्रेक लावणारी किंवा गाडी रस्त्यावरच्या आपल्या पट्ट्याबाहेर गेल्यावर सूचना देणारी सोय तुमच्या गाडीत असेल तर तो बहुधा तिथेच असतो. भिंग नसून नुसती छोटी काळसर, सपाट टिकली काचेला आतून चिकटलेली दिसली, आणि पावसाचे थेंब पडल्यावर वायपर आपोआप चालत असतील, तर तो पावसाचा सेन्सर. तो सुटा करून नव्या काचेवर लावतात. मधली पारदर्शक जेलची पट्टी मात्र बहुधा नवी लागते. ती जुनीच चिकटवली की आत हवेचा बुडबुडा राहतो आणि वायपर कोरड्या उन्हात नाचायला लागतात.

कॅमेरा निघाला तर काच बदलल्यावर तो नव्यानं जुळवावा लागतो. त्याला कॅलिब्रेशन म्हणतात. काचेच्या जाडीत किंवा बैठकीत जरासा फरक पडला तर कॅमेऱ्याला लांबची गाडी भलत्याच ठिकाणी दिसू शकते. काही गाड्यांत हे काम गाडीसमोर ठराविक अंतरावर फलक उभे करून होतं, काहींत यंत्र जोडून ठराविक वेगानं रस्त्यावर चालवून, काहींत दोन्ही करावं लागतं. याचा खर्च वेगळा येतो आणि स्वस्त भावात तो बहुधा धरलेलाच नसतो. ‘डॅशबोर्डवर दिवा लागला नाही म्हणजे सगळं ठीक’ असं कुणी म्हणालं तर त्याच्याकडे जाऊ नका. दिवा न लागताही कॅमेरा चुकीचं बघू शकतो.

फोन करताना म्हणूनच गाडीचं नाव पुरत नाही. चॅसिस क्रमांक सांगा, जुन्या काचेवरच्या ठशाचा आणि त्या डबीचा आतून-बाहेरून काढलेला फोटो पाठवा. मग प्रत्येकाला तेच विचारा: काच कुठल्या कारखान्याची, कडेची बीडिंग आणि क्लिपा नव्या देणार की जुन्याच बसवणार, सीलंट कुठलं, कॅमेरा असेल तर कॅलिब्रेशन कोण करणार, गळती झाली तर किती काळ फुकट बघणार, आणि कर धरून शेवटचा आकडा काय. हे सगळं लेखी मागा, मेसेजवर आलं तरी चालेल. माझा अनुभव असा की हे प्रश्न विचारल्यावर महागवाला थोडा खाली येतो आणि फार स्वस्तवाला थोडा वर जातो. दोघांतलं अंतर कमी झालं की निवड सोपी होते. सर्व्हिस सेंटरला एक वेगळा प्रश्नही विचारून बघा: काच मी बाहेरून आणली तर नुसती बसवून द्याल का? पुष्कळ ठिकाणी नाही म्हणतात, काही ठिकाणी हो म्हणतात, पण बाहेरची काच बसवताना फुटली तर भुर्दंड कोणाचा ते आधी ठरवून घ्या.

भंगारातल्या काचेबद्दल. चिकटवलेली काच अखंड काढणं हे बसवण्यापेक्षा कठीण काम. तार घालून किंवा पात्यानं जुनं सीलंट कापावं लागतं, आणि त्या ओढाताणीत कडेला डोळ्यांना न दिसणारी बारीक इजा होते. पुढे कधीतरी तिथूनच तडा निघतो. शिवाय ती काचही वर्षानुवर्षं वाळूचे कण आणि वायपर खाऊन आलेली असते. दिवसा ठीक दिसते, रात्री समोरचा उजेड पडला की तिच्यावर धुकं पसरल्यासारखं होतं. कडेला दुधाळ पांढरेपणा दिसला तर आतला पडदा सुटायला लागला आहे असं समजा. ज्या गाडीच्या काचा बनायच्याच थांबल्या आहेत तिच्यासाठी मी भंगारात जरूर फिरेन, आणि जिथे काच चिकटवलेली नसून रबरात बसवलेली असते अशी जुनी गाडी असेल तर आणखीच खुशीनं, कारण ती काच सहज निघते आणि सहज बसते. तुमची नऊ वर्षांची गाडी यातल्या कशातच बसत नाही. तिच्या नव्या काचा खुल्या बाजारात मिळताहेत, मग जुनीच्या मागे का लागायचं?

पण त्या तिसऱ्या माणसाच्या काचेपेक्षा मला त्याच्या ‘तासाभरात’ची जास्त काळजी वाटते. काच बसवणं म्हणजे काय ते एकदा बघून घ्या. जुनी काच कापून काढली की चौकटीवर जुन्या सीलंटचा थर राहतो. चांगला फिटर तो खरवडून पत्रा उघडा पाडत नाही, पात्यानं तासून मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा सपाट थर ठेवतो, कारण नवं सीलंट त्या ताज्या कापलेल्या थराला उत्तम धरतं. कुठे पात्यानं रंग खरचटला तर तिथे प्रायमर, म्हणजे गंज रोखणारं आणि पकड वाढवणारं अस्तर, लावतो. काचेची कड पुसतो, कंपनीनं सांगितलं असेल तर तिलाही प्रायमर लावतो, ते सुकायला सांगितलेली मिनिटं थांबतो. कडेचा तो काळा पट्टा शोभेचा नाही बरं का, खालच्या सीलंटला उन्हापासून जपायला असतो. त्यानंतर त्या जागेला उघडा हात लावायचा नाही, हाताचा तेलकटपणाही पकड बिघडवतो. मग पीयू (पॉलियुरेथेन) सीलंटची एकसारखी, न तुटलेली धार, आणि दोघांनी मिळून काच एकदाच, नेमकी टेकवणं.

हे सीलंट हवेतल्या ओलाव्यानं घट्ट होतं. म्हणून किती वेळ थांबायचं ते सीलंटचा प्रकार, तापमान आणि हवेची आर्द्रता यावर ठरतं. झटपट घट्ट होणारी काही सीलंटं तासाभरात गाडी चालवण्याजोगी होतात, काहींना कित्येक तास लागतात, थंड कोरड्या हवेत त्याहून जास्त. म्हणजे ‘तासाभरात’ हे खोटंच असेल असं नाही. त्याला ट्यूब दाखवायला सांगा. तिच्यावर किंवा तिच्या माहितीपत्रकावर गाडी किती वेळानं चालवायची ते लिहिलेलं असतं, एअरबॅग असलेल्या गाडीसाठी कधी वेगळा वेळ असतो, आणि वापराची शेवटची तारीखही असते. तारीख उलटलेली ट्यूब म्हणजे स्वस्त भावाचं एक जुनं गुपित. आणि ट्यूबवर सिलिकोन असं लिहिलेलं दिसलं तर गाडीची किल्ली उचला आणि निघा. सिलिकोन न्हाणीघराच्या फटींसाठी ठीक आहे, चिकटवलेली पुढची काच धरून ठेवणं त्याचं काम नाही.

माझीच फजिती सांगतो. माझ्या पहिल्या गाडीची काच मी एका नावाजलेल्या नसलेल्या, पण फार गोड बोलणाऱ्या फिटरकडून बसवून घेतली. आकडा सगळ्यांत कमी होता, आणि शेजाऱ्यांना तो सांगताना मला केवढा अभिमान! त्यानं चौकट खरवडून पत्रा उघडा पाडला आणि प्रायमर लावलाच नाही. वर्षभर काही कळलं नाही. मग गाडीत कुबट वास यायला लागला. मी चटया धुतल्या, अत्तराच्या बाटल्या लावल्या. शेवटी चटई उचलली तर खाली पाणी, आणि काचेखालचा पत्रा हातानं तुटेल असा गंजलेला. गंजलेल्या चौकटीला नवी काच चिकटत नाही. आधी पत्र्याचं काम, मग रंग, मग काच. वाचवलेले पैसे कितीपट गेले ते शेजाऱ्यांना मी अजून सांगितलेलं नाही.

विमा असेल तर काम सुरू करण्याआधी कंपनीला फोन करा, आधी काच बदलून मग बिल दाखवलं तर बऱ्याच कंपन्या हात वर करतात. पण दावा करावाच असंही नाही. दाव्यातला स्वतः भरायचा हिस्सा आणि दावा न केल्याबद्दल पुढच्या हप्त्यात मिळणारी सूट, दोन्हींची बेरीज मांडा. ती दुकानदाराच्या आकड्याच्या जवळपास आली तर विम्याला हात न लावता खिशातून भरणं परवडतं. काचेसाठी वेगळं जोडसंरक्षण घेतलं असेल तर गणित बदलतं, पॉलिसीचं ते पान काढून वाचा. आणि दुरुस्ती, म्हणजे बदलणं नव्हे, काही कंपन्या पूर्ण फुकट करून देतात. टवका पडला त्याच दिवशी फोन करायला आणखी एक कारण.

थोडक्यात, मी तुमच्या जागी असतो तर मधल्या दुकानात गेलो असतो, वरच्या प्रश्नांची उत्तरं बरी मिळाली तर. कॅमेरा निघाला आणि त्या दुकानाकडे कॅलिब्रेशनची सोय नसली, तर काच त्याच्याकडून बसवून कॅमेरा सर्व्हिस सेंटरमध्ये जुळवून घ्या. दोन्ही मिळूनही पहिल्या आकड्यापेक्षा कमी होतं का ते आधी विचारा, कधी होतं, कधी नाही. घरी येऊन काच बसवणाऱ्याला बोलावणार असाल तर छप्पर असलेली, धूळ नसलेली जागा द्या. उघड्यावर, वाऱ्यात, पावसाच्या सरीत काच बसवू देऊ नका, तो कितीही हो म्हणाला तरी.

प्रवास तीन आठवड्यांवर आहे, म्हणजे या आठवड्यात काच ठरवून पुढच्या आठवड्यात बसवून टाका. आदल्या दिवशी मुळीच नको. बसवल्यावर कडेच्या चिकटपट्ट्या एक दिवस राहू द्या, कितीही विचित्र दिसल्या तरी. पहिले एक-दोन दिवस एक खिडकी बोटभर उघडी ठेवा, म्हणजे दार लावताना आतल्या हवेचा दाब ताज्या सीलंटवर येणार नाही. जोराच्या पाण्याच्या फवाऱ्यानं गाडी धुवायची ती दोन-तीन दिवसांनीच. त्यानंतर मात्र मुद्दाम बघा: एक जण आत बसून बोटानं कडा चाचपेल, दुसरा बाहेरून साध्या नळीनं वरून पाणी सोडेल. मग मोकळ्या रस्त्यावर रेडिओ बंद करून चालवा आणि शिटी येते का ते ऐका. पाणी किंवा शिटी, काहीही आलं तरी त्याच दिवशी फिटरकडे जा. तुमच्या हातात तेव्हा अजून काही दिवस असतील.

आणि डॅशबोर्डच्या फटींतून काचेची बारीक कणी नीट ओढून घ्यायला सांगा, हवेच्या झडपांच्या तोंडाशी विशेषतः. वडील शेजारी बसणार असतील तर एसी लावल्यावर ती कणी थेट त्यांच्याच डोळ्यांकडे येते.